फोक्कोच्या वाटचं अर्धं

डेल्फझैलचा फोक्को म्हणजे घड्याळ. चाळीस वर्षं त्याने कालव्याची दारं वेळेवर उघडली नि मिटली, आणि बहिणीचं मूत्रपिंड पोटात बसल्यापासून गोळीही तशीच: सकाळी आठ, रात्री आठ. अशा माणसांवर लक्ष ठेवणं हे माझं ग्रोनिंगेनच्या इस्पितळातलं काम. त्यांनी घरीच बोटाला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घ्यायचे नि कार्ड पोस्टाने धाडायचं; औषध रक्तात किती आहे ते आमची प्रयोगशाळा सांगते. फोक्कोचा आकडा सहा. महिनोन्‌महिने सहाच.

त्या वसंतात तो आकडा उड्या मारू लागला. सहा, चौदा, पाच, तेरा, सहा, चौदा. औषध जास्त झालं की मूत्रपिंडाला बाधतं, कमी पडलं की शरीर त्या पाहुण्यावर तुटून पडतं, आणि असं हेलकावतच राहिलं तर काही वर्षांत मूत्रपिंड हातचं जातं. मला फोक्को आवडायचा, म्हणून जास्तच धास्ती वाटली.

"खरं सांगा, ग्रेपफ्रूट खाल्लंत ना?" मी फोनवर दरडावलं. त्या कडवट, संत्र्यासारख्या फळाने हे औषध रक्तात साचतं.

"अहो सिस्टर, बहिणीने पोट फाडून दिलेली वस्तू आहे! फळासाठी घालवीन होय? या, माझा फ्रिज तपासा."

गेले नि तपासला. लोणी, हेरिंग मासा, ताक. गोळ्याही मोजल्या, बरोबर होत्या.

जूनमध्ये त्याच्या बहिणीचा, गेसीनाचा साठावा वाढदिवस होता. ती आमेलांड बेटावर राहायची. मलाही बोलावणं होतं, म्हणून बोटीने गेले. खुर्च्यांचं गोल रिंगण, प्रत्येकाला एकेक केक, आणि आल्यागेल्याने फोक्कोलाही "बहिणीबद्दल अभिनंदन" म्हणायचं, हे सगळं रीतसर झालं.

"फोक्क्या, दुसरा तुकडा नको हं," गेसीना ओरडली. "माझ्या मूत्रपिंडाला झेपायचा नाही!"

"एकदा दिलंस ना? मग आता गप्प बस!"

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. मग मी संडासात गेले. तिथे, आमच्याकडे सगळ्यांच्या घरी असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर भिंतीवर होतं. त्यात वार नसतात, म्हणून ते जन्मभर पुरतं. सहज मागची पानं उलटली, तर नावांच्या मधेमधे पेन्सिलीच्या बारीक फुल्या दिसल्या. नऊ एप्रिल. सतरा एप्रिल. दोन मे. या तारखा माझ्या ओळखीच्या होत्या. फोक्कोचा आकडा चढला होता तो प्रत्येक वेळी अशा फुलीच्या दुसऱ्या दिवशी.

स्वयंपाकघरात गेसीनाला गाठलं.

"त्या फुल्या? ग्रेपफ्रूटच्या," ती म्हणाली. "लहानपणी एक फळ आम्ही अर्धं-अर्धं खायचो. आता त्याला चालत नाही बिचाऱ्याला. म्हणून मार्चपासून माझं अर्धं खाते, मग त्याचं नाव घेऊन त्याच्या वाटचंही. का हो?"

दोघांच्या घरांमध्ये समुद्र होता, वर ऐंशी-नव्वद किलोमीटर. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी म्हणाले, "गेसीनाबाई, वेडेपणा वाटेल, पण हे बंद कराल?"

तिच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. पण गेली, रबर आणलं, माझ्यासमोर सगळ्या फुल्या खोडल्या. "मी जिवंत आहे तोवर त्याच्या वाटचं तोंडाला लावणार नाही. झालं समाधान?"

पुढच्या कार्डावर सहा. त्याच्या पुढच्यावरही सहा. दीड वर्ष सहा. इस्पितळात मी कुणाला काही बोलले नाही, उगाच हसं कशाला करून घ्या.

गेल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच गेसीना बागेत कोसळली, ती उठलीच नाही. मी फार रडले. तिच्या घरातून फोक्कोने फक्त ते कॅलेंडर आणलं आणि आपल्या संडासात लावलं.

पुढच्या आठवड्यात कार्ड आलं. चौदा.

डॉक्टरांनी गोळी कमी केली. सोळा. आणखी कमी केली. एकोणीस.

सोमवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले. फोक्कोने हसत कॉफी आणली. कप बशीत किणकिणत होता. हात थरथरणं हे औषध चढल्याचं लक्षण.

"बहिणीच्या दुःखाने असेल, सिस्टर," तो म्हणाला. "तुम्ही केक घ्या."

"आलेच," म्हणून मी संडासात गेले.

नोव्हेंबरचं पान. अंत्यविधीच्या दिवसापासून रोज एक फुली. आजच्या तारखेलाही.

"फोक्को, पेन्सिल कुठे ठेवता?" मी आतूनच विचारलं.

"घरात पेन्सिल नाही हो. का?"

मी आजच्या फुलीवरून अंगठा फिरवला. ती पुसली गेली.

अंगठ्याला ताज्या ग्रेपफ्रूटचा वास येत होता.