ऐंशी, साठ, चाळीस

"ताई, पुन्हा बंद पडली! चालता चालता! मागून ट्रक आला, आरसा उडवून गेला. त्रिवेणी आतच होती!"

फोनवर शिवकांतचे दात वाजत होते. ताडकळसच्या आपल्या गॅरेजात धम्मशीलाने हातातला पाना तसाच टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.

पिंगळीच्या अलीकडे, उसाच्या कडेला निळी कार उभी होती. उजवा आरसा तारेवर लोंबत होता. शिवकांतने चुलतभावाची, गोपाळची, कॉलर धरली होती. गोपाळची जीप मागेच थांबलेली. शिवकांतची बायको त्रिवेणी मैलाच्या दगडावर बसली होती. चेहरा सुजलेला, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, बोटांनाही विभूती, पदराच्या टोकाला काळा डाग.

आज गुरुवार, तिच्या डायलिसिसचा दिवस. अकरा वाजता परभणीत मशीनवर पोचायचं होतं. सोमवारचं या गाडीपायीच हुकलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता एकही चुकवू नका.

"ह्यानंच कायतरी केलंय!" शिवकांत ओरडला. "मी गाडी घेतली ती ह्याच्या डोळ्यांत सलायलीय. जवा बंद पडती तवा हा मागं हजर!"

"दादा, माझा रोजचाच रस्ता हाय ह्यो. वहिनीला जीपात बसवा, मी नेतो."

"तुझ्या जीपात? मारायला?"

"आधी कॉलर सोडा," धम्मशीला म्हणाली. "दहा मिनिटं द्या मला. न्हाई जमलं तर मीच वहिनीला मोटारसायकलवर घेऊन जाते."

बोलली ठासून, पण तिलाही खात्री नव्हती. पेट्रोलचा पंप, प्लग, वायरिंग, सगळं तिनेच दोनदा तपासून गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं. तिच्या शब्दावर ही बाई या गाडीत बसत होती.

"पहिल्यांदा बंद पडली तवा वेग किती होता?"

"ऐंशी."

"सोमवारी?"

"साठ असंल."

"आज?"

"चाळीस. भ्या वाटतं, त्याच्यावर नेलीच न्हाई."

"गल्लीत, बाजारात?"

"कधीच न्हाई."

"बंद पडताना काय होतं?"

"दम कोंडल्यावानी गुरगुरती अन् गप्प. जरा थांबलं की पुन्हा चालू. कुणी गळा दाबून सोडल्यावानी बगा."

"चावी कुणाकडं असती?"

"एक माझ्या खिशात. एक घरी, खुंटीला."

"गोपाळ घरी येतो?"

"दिवाळीपासून उंबरा चढला न्हाई."

धम्मशीलाने हवेचा फिल्टर काढला. या भागातली माती काळी, धूळही काळीच. फिल्टरवर मात्र बारीक पांढरी पूड होती. तिने ती बोटावर घेऊन पाहिली. फिल्टर परत बसवला.

"भाऊ, चालू करा. मी म्हणलं की रेस द्या."

इंजिन चालू झालं. शिवकांतने रेस दिली. हवेची नळी सू सू करू लागली. मग इंजिन घरघरलं, थरथरलं आणि बंद पडलं.

त्या शांततेत गाडीच्या आत काहीतरी हळूच घसरत खाली आलं.

शिवकांत दार उघडून बाहेरच पडला. गोपाळने महादेवाचं नाव घेतलं. धम्मशीला नळीपाशी वाकली. त्रिवेणीने मात्र डोळे मिटून घेतले होते.

धम्मशीलाने नळीच्या तोंडात बोटं घातली. दोरा लागला. तिने तो ओढला आणि लिंबाएवढी पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी बाहेर आली.

"बगितलं?" शिवकांत किंचाळला. "करणी! ह्यानंच—"

"थांबा. आधी ऐका. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाबी लागती. ही त्याची श्वासाची नळी. गाडी हळू असली की पुरचुंडी खाली पडून राहती. वेग वाढला की इंजिन जोरात हवा ओढतं, ही वर जाती अन् चिंचोळ्या जागी बूच बसतं. इंजिन मेलं की पुन्हा खाली. म्हणून मला कायच घावलं न्हाई."

"पण वेग कमी कमी का होत गेला?" गोपाळने विचारलं.

"पुरचुंडी मोठी होत गेली म्हणून. प्रत्येक खेपेला कुणीतरी भर घातली. आता बॉनेट उघडायची दांडी आत, स्टिअरिंगखाली. काचा शाबूत, कुलूप शाबूत. म्हणजे हात घरातला." ती दगडाकडे वळली. "वहिनी, पदराला ग्रीस कुठनं लागलं?"

त्रिवेणीने पदर मुठीत धरला. तिला रडू फुटलं.

"त्यात विभूती हाय. गेल्या महिन्यात हितंच उसाच्या ट्रॅक्टरखाली कार गेलेली बगितली आमी. तवापासून झोप न्हाई मला. नळीचं तोंड मोकळं दिसलं, वाटलं रिकामीच हाय, गाडीची राखण करंल म्हणून तितं ठेवली. गाडी बंद पडली की वाटायचं, विभूती कमी पडली. मग आणखी बांधायची. आत्ताबी, ह्ये फोनवर होते तवा..."

"अगं, मला सांगायचं तरी!" शिवकांतचा आवाज फुटला. "तुझ्या जिवाला कायी झालं असतं तर?"

"माझ्यासाठी न्हाई बांधली. तुमच्यासाठी. मी मशीनवर जगायले. मला नेता नेता तुमालाच कायी झालं असतं तर?"

शिवकांत मटकन खाली बसला. त्याला बायकोचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. गोपाळच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण मातीत पडलं होतं. त्याने ते उचललं, चावीबरोबर गोपाळच्या हातात ठेवलं.

"तू चालव. मी मागं हिच्याजवळ बसतो."

गोपाळने जीपला कुलूप लावलं आणि कारच्या स्टिअरिंगवर बसला. साडेदहा वाजले होते. धम्मशीलाने पुरचुंडी त्रिवेणीच्या मुठीत दिली.

"फेकू नका. फक्त हातात धरा, वहिनी."

कार निघाली. धम्मशीला मोटारसायकलवर मागे. चाळीस झाले, तिने श्वास रोखला. साठ झाले. मागच्या काचेतून शिवकांतचं डोकं बायकोच्या खांद्याला टेकलेलं दिसत होतं.

ऐंशीला तिची जुनी मोटारसायकल मागे पडली. तिने ती कडेला घेतली, बंद केली आणि कान देऊन ऐकत राहिली. आवाज लांब लांब गेला, पण तुटला नाही.