चार माणसांचं वजन

लाकडाच्या वखारीत ती एक डोळा मिटून वाशाकडे बघत होती. वासा सरळ आहे की पिळलेला, ते टोकाकडून असं पाहिलं की कळतं. पण दुसऱ्या टोकाला नेमका एक उंच तरुण उभा होता. त्याने मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं... मग पुन्हा तिच्याकडे.

"मला डोळा मारलात?"

"वाशाला मारला. तुम्ही मध्ये आलात."

"नशीबवान आहे वासा!" तो हसला. "पण तो मी घेणार होतो—"

"होतात. आता मी घेतलाय."

तो फिजिओथेरपिस्ट होता. पेशंटना धरून चालायला कठडे करायचे होते त्याला. वखारीत सरळ वासे थोडेच उरले होते, ते सगळे तिने आपल्याकडे ओढले.

"एवढ्याचं करणार काय?"

"माशांच्या टाकीला स्टँड."

"सुतार कोण आहे?"

"तुमच्यासमोर उभी आहे."

त्याने वाद घातला नाही. वासे टेम्पोत चढवायला हात लावला आणि म्हणाला, "निदान बघायला तरी बोलवा."

"बघे घरात भरपूर आहेत. दुसरं टोक धरणार असाल तर या."

बघे खरंच भरपूर होते. ती चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायची. गेल्या वर्षी तिने ठरलेलं लग्न मोडलं होतं. ज्याच्याशी ठरलं होतं, तो तिला न विचारता तिच्या वतीने सगळ्याला 'हो' म्हणून टाकायचा. एक दिवस ती स्वतःच 'नाही' म्हणाली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. काका-मामा, आत्या-मावशा सगळे फिरले. बाबा तर एकच वाक्य धरून बसले, "तुझं काही म्हणून तडीस जात नाही." त्यात तिने चार फुटी काचेची टाकी आणली. ती हॉलमध्ये जमिनीवर कोरडी ठणठणीत पडून होती आणि बाबा येता-जाता म्हणत, "पाणी भरलं की चार माणसांचं वजन होईल. तुझ्या स्टँडवर? घरात पूर येईल!"

म्हणून तर तिला स्टँड स्वतःच करायचा होता.

वखारीतला तो तरुण रविवारी आला. पुढच्या रविवारीही आला. मागच्या अंगणात ती करवत चालवायची, तो टोक धरायचा.

"इथे दोन स्क्रू जास्त मारले तर?" त्याने विचारलं.

"वजन स्क्रूवर टाकायचंच नाही. आडवा वासा थेट पायावर बसला पाहिजे. पाय पेलतील, स्क्रू नुसते धरून ठेवतील."

"माझ्यासारखे."

"तुम्ही धरता कमी, बोलता जास्त."

पहिली चौकट वाकडी झाली. खिडकीतून बाबांचं "हं" ऐकू आलं. तिने सगळी खोलली आणि काटकोनाचा गुण्या लावून नव्याने जोडली. त्या घाईत तिच्या डोळ्यात भुसा उडाला.

"थांबा, मी बघतो—"

"डोळ्यांचं काम माझं आहे!" ती चोळत राहिली. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बघतोस काय? काढ ना!"

रुमालाचं टोक हळूच पापणीला लागलं. त्याचा श्वास अगदी गालाजवळ... भुसा केव्हाच निघाला होता. दोघंही ते बोलले नाहीत.

स्टँड पूर्ण झाला त्या दिवशी बाबा बाजारातून लोखंडी तयार स्टँड घेऊन आले. "तुझा राहू दे कुंड्या ठेवायला," म्हणाले.

तिची कानशिलं तापली. तिने त्याला दुसरं टोक धरायला लावून आपला स्टँड हॉलमध्ये आणला, पाणसळ लावून तो समतल आहे ना ते पाहिलं आणि सरळ वर चढून उभी राहिली.

"चार माणसांचं वजन म्हणालात ना? या."

"उतर खाली!"

"नाही उतरणार. मोडला तर मी पडेन, तुम्ही नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चढला. जागा कमी, त्यामुळे खांद्याला खांदा. स्टँड कुरकुरलासुद्धा नाही. मग स्वयंपाकघरातून आई आली, पदराला हात पुसत. "सरका," म्हणाली आणि स्टुलावर पाय देऊन वर आली. बाबांचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं, तूसुद्धा? आणि हा मुलगा आहे तरी कोण? दर रविवारी उठून येतो!"

"हा? हा माझा—" ती अडखळली. खाली बाबा, शेजारी तो. आता इथवर चढलोच आहोत तर! "हा माझा आहे, बाबा. मी निवडलाय. त्याला अजून सांगितलं नव्हतं, म्हणून त्याचं तोंड असं झालंय."

"मला आधी सांगायचंस ना..." तो पुटपुटला. कान लालबुंद.

"आत्ता सांगितलं. नको असेल तर उतर."

"उतरतोय कोण!" त्याने तिचा हात घट्ट धरला, सगळ्यांदेखत.

"तिघं झालो," आई वरूनच म्हणाली. "चौथं माणूस कमी आहे हो."

बाबा स्टँडच्या पायांकडे बघत राहिले. मग त्या धरलेल्या हातांकडे. आणि काहीतरी पुटपुटत त्यांनी चपला काढल्या.