हिरव्या खुर्चीवरचा वारा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. बोर्गहिल्डने ते सिउरला सांगितलं आणि सिउरने मला. सिउर थापा मारणाऱ्यातला नाही. तो हीट पंप दुरुस्त करतो. भुताखेतांपेक्षा फ्यूजवर त्याचा जास्त विश्वास.

नॉर्वेत त्युनसेट गावाच्या वरच्या अंगाला, रस्ता संपतो तिथे, एकच पिवळं घर आहे. गेल्या वर्षीची पंधरा जानेवारी. चार वाजताच बाहेर मिट्ट काळोख झाला होता आणि पारा उणे सव्वीसवर.

घरात बोर्गहिल्ड एकटी. वय पंचाहत्तर. तिचा नवरा तोर्लाइव्ह नाताळच्या दुसऱ्या दिवशी याच खोलीत, खिडकीजवळच्या हिरव्या खुर्चीत, बसल्या बसल्या गेला. मुलगी उन्नी बर्गनहून आली, चार दिवस राहिली, परत गेली.

त्यानंतर घरात आवाज म्हणजे भिंतीवरच्या हीट पंपाचा. तेवढाच.

बाहेरच्या गारठ्यातून ऊब ओढून तो आत सोडायचा. त्याला एक डोळाही होता. माणूस कुठे बसलंय ते तो अंगाच्या उबेवरून ओळखायचा आणि तोंडावरच्या पट्ट्या वळवून गरम वारा नेमका तिकडे सोडायचा. तोर्लाइव्हला त्याचं भारी कौतुक. पाहुणा आला रे आला की आधी त्याला खोलीभर चालायला लावायचा, मग कॉफी.

त्या दिवशी बोर्गहिल्ड सोफ्यावर विणत बसली होती. पाय गार पडले म्हणून तिने वर पाहिलं.

पट्ट्या तिच्याकडे नव्हत्या.

त्या वळल्या होत्या... हिरव्या खुर्चीकडे.

ती उठली. पंपाच्या डोळ्यासमोर उभं राहून हात हलवले. पट्ट्या ढिम्म.

मग... टिक. टिक. टिक.

पट्ट्या आपणहून सरकल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. कॉफी ओतून घ्यायला लागतो तेवढा वेळ तिथे थांबल्या.

आणि... परत खुर्चीवर आल्या.

बोर्गहिल्डने सिउरला फोन लावला.

"अरे, पंप भलत्यालाच गरम करतोय."

"भलत्याला म्हणजे? घरात आहे कोण दुसरं?"

"तेच तर विचारतेय तुला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सिउर आला. पंपाच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली, तर पट्ट्या सरळ झाल्या. चिकटपट्टी काढली, तर पुन्हा खुर्चीकडे. मग त्याने डोळाच बदलला. नवाकोरा.

टिक. टिक...

खुर्ची.

त्याने गादीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. त्या खुर्चीवर अख्खी रात्र गरम वारा सुटला होता. तरी ती बर्फासारखी गार होती.

"हा डोळा फक्त ऊब बघतो," तो पुटपुटला. "मग इथे काय बघतोय?"

बोर्गहिल्डने त्याच्यापुढे गरम वॉफल आणि जॅम ठेवला. त्याने तुकडाही मोडला नाही.

"बोर्गहिल्ड, खरं सांग. तो गेला तेव्हा खिडकी उघडलीस ना?"

माणूस गेला की खिडकी उघडायची. जाणाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची. तिच्या आईने उघडली होती, सासूने उघडली होती.

तिने मान खाली घातली.

"उणे तीस होतं रे. कडीपर्यंत गेला होता हात. पण पन्नास वर्षं या माणसाचं एकच, खिडकी जरा उघडली की, 'कावळ्यांसाठी घर तापवतेस का?' मेलेला समोर होता आणि मला वाटलं, आता ओरडेल."

"मग आता उघड."

"आणि मी? मी काय करू इथे एकटी?"

 सिउरने हत्यारं गोळा केली आणि तो निघाला.

आठ दिवस तिने खिडकीला हात लावला नाही. खोटं कशाला बोला, ते आठ दिवस तिला बरे गेले. ती दोन कप मांडायची. बातम्यांवर त्याला टोमणे मारायची. उन्नीचा फोन आला की सगळं खुर्चीला सांगायची. ऊब खुर्चीला आणि थंडी हिला, म्हणून अंगात दोन दोन स्वेटर. पण महिन्याभरात पहिल्यांदा तिला झोप लागली.

फक्त पंप रोज जास्त जोराने घोंघावू लागला. रिमोटवर आकडा तीस.

रोज सकाळी ती गादीला हात लावून बघायची.

आणि गादी रोज... आणखी गार.

तो कुडकुडतोय, हे तिच्या ध्यानात आलं. एवढं तापवूनही त्याला ऊब लागत नाहीये, आणि मी माझ्या सोबतीसाठी त्याला धरून ठेवलंय. त्या विचाराने तिला भीती नाही वाटली, लाज वाटली.

रविवारी भर दुपारी, उजेड असताना, तिने खिडकी सताड उघडली.

"जा रे. तापू देत कावळे. मी बघते माझं."

टिक...

पट्ट्यांनी खुर्ची सोडली. खिडकीशी गेल्या. क्षणभर थांबल्या.

मग सरळ झाल्या. रिकाम्या खोलीत असतात तशा.

कडीला हात लावून ती रडत उभी राहिली. लावून घ्यायचं मनच होईना. दहा मिनिटं तरी खिडकी उघडी होती. शेवटी तिने ती ओढून घेतली.

आणि मागे...

टिक. टिक. टिक.

पट्ट्या पुन्हा खिडकीकडे वळल्या होत्या आणि तिथून आत सरकत होत्या. खुर्ची ओलांडून. सोफा ओलांडून. झोपायच्या खोलीच्या दाराशी जो अंधारा कोपरा आहे, तिथे जाऊन थांबल्या. त्या कोपऱ्यात या घरातलं कुणी कधीच उभं राहिलेलं नाही.

मार्चमध्ये सिउर पंप साफ करायला गेला. पट्ट्या अजून तिकडेच होत्या. तो म्हणाला, एक स्क्रू काढतो, डोळा कायमचा बंद.

"नको," बोर्गहिल्ड म्हणाली.

"तोर्लाइव्ह आहे असं वाटतं तुला?"

"छे. तो गेला. तेवढं मला कळतं."

"मग कोण आहे?"

 स्क्रू न काढता निघून आलो ते बरोबर केलं का, हे सिउरला अजून कळत नाही. मलाही कळत नाही.

तिने कोपऱ्याकडे पाहिलं आणि कपाटातून दुसरा कप काढला.

"कुणी का असेना," ती म्हणाली. "आहे ना."