अर्धा चार्ज

“नाही म्हणा.”

तिचं बोट बटणावर तसंच थांबलं. एवढ्या लांबच्या शहरात, इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या एटीएमसमोर, कुणी आपल्या भाषेत बोलेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वळून पाहिलं, तर शेजारच्या लिफ्टच्या अर्धवट खड्ड्यातून एक माणूस वर येत होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कोपरापर्यंत ग्रीस, आणि चेहऱ्यावर अशी काळजी, की जणू पैसे त्याचेच जाणार होते.

“कशाला नाही म्हणू?”

“ते मशीन विचारतंय ना, तुमच्या घरच्या चलनात हिशोब करून देऊ का? गोड बोलून खिसा कापायचा प्रकार आहे. भाव ते ठरवणार. नाही म्हटलंत की तुमची बँक ठरवते. चार पैसे तरी वाचतात.”

“आणि मी तुमच्या भाषेतली, हे कसं ओळखलंत?”

“आत्ताच मशीनला म्हणालात, ‘अगं बाई, किती प्रश्न विचारशील!’” तो हसला. “खड्ड्यात ऐकू आलं मला. हातातला पाना पडला.”

ती ओशाळली. तिने ‘नाही’ दाबलं. मशीनने घुरघुर करत चार नोटा बाहेर ढकलल्या आणि मागोमाग पावती. त्याने पावतीकडे पाहिलं आणि सभ्यपणाने लगेच नजर वळवली, पण पाहायचं ते पाहून झालं होतं.

“एवढेसेच?”

“रोज लागतात तेवढे काढते.”

“रोज! अहो, चार नोटा काढा नाहीतर चाळीस, चार्ज तेवढाच पडतो.”

हे तिला कळत नव्हतं थोडंच? गेली अकरा वर्षं ती आठवीच्या वर्गाला गणित शिकवत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे तिला पहिल्याच पावतीवरून दिसलं होतं. पण भाड्याच्या खोलीला धड कडी नव्हती. पैसे जास्त काढले तर रात्रभर उशीखाली हात घालून पडावं लागायचं. शिवाय रजा बिनपगारी होती आणि खात्यातला आकडा दिवसेंदिवस आटत चालला होता.

हे सगळं तिने त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. अकरा दिवसांत पावसाची भुरभुर थांबली नव्हती. अकरा दिवसांत तिच्याशी डॉक्टर, नर्स आणि दादा सोडून कुणी बोललं नव्हतं. दादा इथल्या एका गोदामात कामाला होता. शिडीसकट खाली आला आणि खुबा नि मांडी दोन्ही मोडून बसला. उपचाराचा खर्च त्याची कंपनी करत होती. खोली, बस, कपडे धुण्याचं मशीन, चहा, हे तिच्यावर होतं. आईवडिलांच्या माघारी दादानेच तिला वाढवलं, शिकवलं; स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याला दुसरं होतंच कोण?

लिफ्टवाल्याने ऐकून घेतलं. मग हेल्मेट काढून डोकं खाजवत म्हणाला, “एक सुचवू? मलाही आठवड्याला पैसे लागतातच. माझ्या कार्डाचा चार्ज तर तुमच्या दुप्पट आहे. तुम्ही दर गुरुवारी एकदाच मोठी रक्कम काढा. अर्धी तुमची, अर्धी माझी. माझ्या अर्ध्याचे पैसे मी तुमच्या घरच्या खात्यात तिथल्या तिथे टाकतो. चार्जसुद्धा अर्धा अर्धा.”

तिने भुवया वर केल्या. परक्या मुलखात गोड बोलणारी माणसं कशी असतात, यावर शाळेतल्या सगळ्या बाईंनी निघताना तिला व्याख्यानं दिली होती.

“आधी पैसे खात्यात येऊ देत,” ती म्हणाली.

“मास्तरीणबाई आहात हे सांगायची गरजच नव्हती.”

त्याने हात पुसले, फोन काढला, आणि मिनिटभरात तिच्या फोनवर रक्कम जमा झाल्याचा संदेश वाजला. चार्जच्या निम्म्यासकट.

असे गुरुवार सुरू झाले.

दुपारी चारला तो खड्ड्यातून वर यायचा. खिडकीखालच्या कट्ट्यावर ती नोटा मोजायची. तो चुरगळलेल्या नोटा स्वतःकडे घ्यायचा आणि सुटे तिच्याकडे सरकवायचा — “तुम्हाला बसला लागतील.” मग चहाच्या मशीनमध्ये एकेक नाणं. चहा कसला, गरम पाण्याला आलेला रंग तो! तरी ती तो थेंब न् थेंब प्यायची. तो तिला शिकवायचा: पैसे कधी एका जागी ठेवू नका, बस थांब्याजवळच्या दुकानावर ‘बदलून देतो, चार्ज नाही’ अशी पाटी आहे, तिथे पाऊल टाकू नका, तो चार्ज घेत नाही पण भावात सोलून काढतो.

“तुम्हाला कुणी सोललं होतं वाटतं?”

“पहिल्याच आठवड्यात. मोठ्या ऐटीत गेलो होतो... सोललेला बटाटा होऊन आलो.”

ती खूप दिवसांनी हसली. बाहेर तीच भुरभुर, तेच राखी आकाश, काचेवर तेच ओघळ. पण हसताना तिच्या लक्षात आलं, की तो नोटांकडे नाही, आपल्याकडे बघतोय. दोघांनीही एकदमच चहाचा घोट घेतला आणि दोघांचीही जीभ भाजली.

दादा पलंगावर पडल्या पडल्या सगळं ओळखून होता. “गुरुवार आला वाटतं,” तो छताकडे बघत म्हणायचा.

“कशावरून?”

“केस धुतलेस.”

“रोजच धुते.”

“हो, हो. अगं, ताकाला जायचं आणि भांडं कशाला लपवायचं? जा, चार वाजले. लिफ्टवाला खड्ड्यात अडकून बसायचा.”

सातव्या गुरुवारच्या सकाळी डॉक्टर आले, दादाचे एक्स-रे उजेडाला धरून पाहिले आणि म्हणाले, “पुढच्या शनिवारी घेऊन जा. बाकीचं घरी होईल.”

दादाने डोळे मिटले आणि त्याच्या कानशिलावरून पाणी ओघळलं. तिलाही रडू आलं. मात्र ती बाथरूममध्ये जाऊन रडली. कारण आपण कशासाठी रडतोय हे तिला कळलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. ज्या भावाने आपल्यासाठी उभा जन्म वेचला, तो बरा झाला म्हणून बहिणीचं काळीज खचावं? तिने तोंडावर गार पाण्याचे हबके मारले. आरशातली बाई काही केल्या आनंदी दिसेना.

दुपारी कट्ट्यावर नोटा मोजताना तिचा आकडा दोनदा चुकला.

“पुढचा गुरुवार शेवटचा,” ती म्हणाली. “शनिवारी निघतोय आम्ही.”

 तो खिशातला पाना काढून कट्ट्यालगतच्या कठड्याचा एक नट आवळायला लागला. तो नट चांगला घट्ट होता.

“बरं झालं,” तो शेवटी म्हणाला. “दादा बरे झाले... बरं झालं.”

त्या दिवशी चहा घ्यायचा दोघेही विसरले.

शेवटच्या गुरुवारी मशीनने तिचं कार्ड गिळलं.

घुरघुर झाली, पडदा काळा पडला, आणि संपलं. तिने बटणं दाबली, मशीनच्या पाठीवर थापा मारल्या, मग मशीनवर लिहिलेल्या नंबरावर फोन लावला. तिकडून एका थंड आवाजाने सांगितलं, की गिळलेलं कार्ड परत मिळत नाही. नवं तुमच्या बँकेकडून घरी येईल. घरी! खोलीचं शेवटच्या आठवड्याचं भाडं रोख द्यायचं होतं. दादाला आडवं घालून विमानतळावर नेणारी गाडी रोखीशिवाय दारात येणार नव्हती. तिच्या पाकिटात बसपुरती नाणी होती. पैसे दोन जागी ठेवायचा धडा तिने नीट गिरवला होता, पण दुसरी जागाही आठवडाअखेरीला रिकामीच असायची.

ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. लिफ्टवाला खड्ड्यातून वर आला, तेव्हा ती गुडघ्यांत डोकं घालून होती.

“मशीनने कार्ड खाल्लं,” ती वर न बघता म्हणाली. “परवा गाडीवाल्याला द्यायला दमडी नाही. दादाला काय पाठीवर घेऊन जाऊ?”

“थांबा. दोन मिनिटं.”

तो परत आला तो हत्यारांची पेटी घेऊन. सगळ्यात खालचा कप्पा ओढून त्याने त्यातून खाकी पाकिटं काढली आणि पायरीवर ठेवली. सात होती. प्रत्येकावर पेन्सिलने तारीख.

“हे घ्या. पुरेल.”

“उधार? तुमच्याकडचे संपले तर तुम्ही काय...” तिने पहिलं पाकीट उघडलं आणि बोलता बोलता थांबली. आत कोपरा फाटलेली एक नोट होती. त्या कोपऱ्यावर जांभळ्या शाईचा डाग होता. पहिल्याच गुरुवारी तिने ती परत मशीनला द्यावी का म्हणून विचारलं होतं, आणि त्याने ‘असू दे, मला चालते’ म्हणून घेतली होती. तिने दुसरं पाकीट उघडलं. तिसरं. एकही नोट हललेली नव्हती.

“तुम्ही यातलं काहीच खर्च केलं नाहीत?”

त्याने मान खाली घातली. “कंपनी आम्हाला भत्ता रोखच देते. दर सोमवारी.”

“म्हणजे तुम्हाला मशीनची गरजच नव्हती? आणि ते दुप्पट चार्जवालं कार्ड?”

“कार्ड घरी आहे. कपाटात.”

“मग कशासाठी?”

“मला पैसे नको होते हो,” तो म्हणाला. “गुरुवार हवा होता.”

तिच्या आतली मास्तरीण अशा वेळीही गप्प बसेना. “सात वेळा अर्धा चार्ज,” ती बोटांवर मोजत म्हणाली. “शिवाय माझ्या खात्यात टाकायचा वेगळा चार्ज, तोही सात वेळा. तुमच्याएवढं मूर्ख गिऱ्हाईक कुठल्याच बँकेला मिळालं नसेल!”

“कबूल.”

“जगाला शहाणपण शिकवता...”

“जगाला ‘नाही म्हणा’ सांगणं सोपं असतं, बाई.”

ती हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. तो एक पायरी खाली बसला. त्याचा ग्रीसचा हात तिच्या हातापासून वीतभर अंतरावर थांबला, आणि ते वीतभर अंतर तिनेच संपवलं.

“पुढचं विचारू नका,” ती म्हणाली. “विचारलंत तर हो म्हणेन मी. आणि मग उद्यापासून दादाच्या तोंडाकडे बघवणार नाही मला. तो स्वतःच्या पायावर उभा राहू दे. आत्ता नका विचारू.”

“नाही विचारत.” मग दुसऱ्या हाताने पाकिटं तिच्याकडे सरकवत, “माझं इथलं काम संपायला अजून बेचाळीस आठवडे आहेत. सहज सांगितलं.”

शनिवारी सकाळी लिफ्ट अजून बंदच होती. त्यानेच दादाची खुर्ची उतारावरून गाडीपर्यंत ढकलत नेली. “लिफ्टवाले,” दादा म्हणाला, “तुमच्या लिफ्टमध्ये बसायचं राहिलं बघा.” आणि त्याचा हात धरून ठेवला, नको तितका वेळ. गाडीच्या मागच्या काचेवर पाऊस साचला होता, त्यामुळे तिला शेवटी फक्त पिवळं हेल्मेट दिसलं.

घरी आल्यावरचे दिवस जड होते. दादा वॉकर धरून दारापर्यंत जायचा, घामाघूम होऊन परत यायचा, आणि चिडायचा. शाळा, स्वयंपाक, दादाची मालिश, औषधं. गुरुवारी हात आपसूक शिकेकाईच्या डब्याकडे जायचा. दादा ते बघायचा. आता मात्र तो काहीच बोलायचा नाही.

नवं कार्ड आलं. शाळेत परत रुजू झाल्यावरचा पहिला पगार जमा झाला. एका गुरुवारी चार वाजता, ती सात पाकिटांचे पैसे परत करायला बँकेत गेली. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पाहिला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“बाई, हे एवढेसेच पैसे? आणि दर गुरुवारी पाठवायचे म्हणता? दुसऱ्या बँकेचं खातं आहे, दर वेळी चार्ज पडेल. तुमच्या खात्यात पुरेसे आहेत की. सगळे एकदम पाठवू का?”

“नाही,” ती म्हणाली.

वर्गातल्या कुठल्याही मुलीने असं उदाहरण सोडवलं असतं, तर तिने लाल शाईने फुली मारली असती. तिने घरून निघतानाच भागाकार करून आणला होता. सात पाकिटांची रक्कम, भागिले अडतीस. बेचाळीसातले चार गुरुवार रडण्यात आणि पगाराची वाट बघण्यात गेले होते.

बाकी अकरा उरत होते. ते तिने पाठवले नाहीत. पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले, त्याच्या हातात द्यायला.