चाळिसावा खण

पहिल्याच दिवशी मी त्याच्या अंगावर ओरडले.

"ही सुंठ आहे?" मी पुडी त्याच्या नाकासमोर धरली. "घ्या वास. घ्या ना!"

तो मागे सरला नाही. आधी पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाहेर पाऊस भुरभुरत होता, माझ्या छत्रीचं पाणी त्याच्या फरशीवर ठिबकत होतं आणि कडेवरची माझी लेक खोकत होती. घरात सगळे तिला टिटवी म्हणतात. वय अडीच वर्षं आणि आवाज अगदी नावासारखा.

"सुंठच आहे, ताई," तो म्हणाला. पण ते 'ताई' जरा डळमळीत होतं.

"वेखंड आहे हे! हिच्या पोटात गेलं असतं म्हणजे?"

खरं तर त्या काष्ठौषधींच्या दुकानात मी सकाळी सहजच शिरले होते. नेहमीचं दुकान बंद होतं आणि समोर हे उघडं दिसलं. डॉक्टर म्हणाले होते, छाती साफ आहे, खोकला थोडे दिवस रेंगाळेल, घरचं काही देत असाल तर द्या. म्हणून चिमूटभर सुंठ मधातून द्यायची होती. घरी पुडी उघडली आणि सवयीनं नाकाशी नेली. टिटवीच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी माझ्या नाकाखालून जाते. दूध, पाणी, डॉक्टरांचं औषधसुद्धा. दादा म्हणतो, "तू आई नाहीस गं, कस्टमवाली आहेस." असेन. ज्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला, तो टिटवी चार महिन्यांची असताना बॅग भरून निघून गेला. तेव्हापासून डोळे मिटणं मला जमत नाही.

"बसा," तो हळूच म्हणाला. "खोटं नाही बोलणार. मला… वासच येत नाही."

मी उभीच राहिले.

"आठ महिन्यांपूर्वी ताप आला होता. जाताना वास घेऊन गेला." त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. छतापर्यंत लाकडी खण, आणि एकावरही चिठ्ठी नाही. "बाबा म्हणायचे, नाक असताना चिठ्ठ्या कशाला? ते गेल्यावर माझंही तसंच चाललं. वास गेला तेव्हा जागा लक्षात ठेवून निभावलं. पण गेल्या आठवड्यात वाळवी लागली म्हणून सुताराकडून सगळे खण उतरवून घेतले…"

"आणि त्यानं उलटेसुलटे लावले."

"मुळं, बिया, साली डोळ्यांना कळतात. चूर्णं नाही कळत. सुंठ तेवढी सापडली असं वाटलं होतं."

"चाखून बघायचं!"

"तिखट आहे एवढं कळतं हो. कसलं तिखट, ते नाही कळत."

मग त्यानं खडू घेतला, बाहेरच्या पाटीवर 'चूर्णं मिळणार नाहीत' असं लिहिलं आणि आत येऊन मान खाली घालून बसला. चूर्णांचे चाळीस खण होते.

मी घरी जायला हवं होतं. पण मी टिटवीला खाली ठेवलं आणि पहिला खण ओढला.

"ओवा," मी म्हटलं. "लिहा."

लहानपणी आम्हा भावंडांना सर्दी झाली की आई डोळ्यांवर रुमाल बांधून एकेक पुडी हुंगायला लावायची. हरेल त्यानं काढा आधी प्यायचा. मी कधी हरले नाही.

निघताना त्यानं वेखंडाची पुडी परत मागितली. मी दिली नाही. "राहू दे. हिच्या अंगाला लावायला होईल," म्हणाले.

रोज संध्याकाळी पाच वाजता मी जायला लागले. तीन वास घेतले की नाक बधिर होतं, म्हणून दिवसाला तीनच खण, असं मी त्याला सांगितलं. ते खरं होतं… निदान पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात दोन झाले, तिसऱ्यात एक. टिटवी वजनकाट्याची पितळी वजनं ओळीनं मांडायची, मोडायची. तो चहा आणायचा आणि म्हणायचा, "घाई नाही."

"मला कुठं घाई आहे?"

"तेच म्हणतोय."

त्याला नुसतं नाव पुरायचं नाही. "दालचिनी" म्हटलं की विचारायचा, "कसा आहे वास? सांगा ना."

"दालचिनीचा असतो तसा."

"असं काय करता? मला आठवू तरी द्या."

मग मी सांगायची. दालचिनी म्हणजे बंद कपाट उघडावं आणि आत कुणीतरी हसत बसलेलं असावं. अडुळसा म्हणजे रुसलेली चहापत्ती. ज्येष्ठमध – दुपारी झोपून उठलेलं बाळ. तो डोळे मिटून ऐकायचा. त्याच्या पापण्यांवर चूर्णाची बारीक धूळ बसलेली असायची. ती पुसावी असं वाटायचं… आणि मी घाईघाईनं पुढचा खण ओढायची.

'ताई' त्यानं केव्हा सोडलं, ते मला नेमकं आठवतं. बाराव्या खणाला. दुसरं काही म्हणायलाही लागला नाही. नुसतं, "अहो… हे बघा ना."

पुढं एकदा, खण संपत आले असताना, हे शेजारच्या शिलाईवाल्या मावशींनी ऐकलं. मधली भिंत फळ्यांची, आणि मावशींचे कान सुईच्या टोकासारखे.

"अगं, अहो-अहो तो करतोय," त्या भिंतीपलीकडून ओरडल्या, "तू कधी करणार?"

त्याच्या हातातून चमचा पडला. टिटवी टाळ्या पिटत ओरडली, "अहो! अहो!"

त्याच रात्री दादाचा फोन आला. त्याच्या शहरात, त्याच्या घरी एक खोली रिकामी होती, आणि त्याच्या ओळखीच्या शाळेत मला नोकरीही होती. "एकटी किती दिवस काढशील? महिनाअखेरीला सांग. खोली रंगवून घेतो. टिटवीला पिवळा आवडेल ना?"

"आवडेल," मी म्हटलं. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं माझ्याकडे. एका माणसाचे अजून अकरा खण उरलेत, हे काय कारण झालं?

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं. तो वेलदोड्याच्या खणावर चिठ्ठी चिकटवत होता.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "भाऊ आहे जवळ, म्हणजे… चांगलंच आहे." चिठ्ठी वाकडी बसली होती. त्यानं ती काढून पुन्हा चिकटवली, ती आणखी वाकडी बसली.

नको जाऊ, एवढंच म्हण ना. मी मनात म्हणत होते. दोन शब्द तर आहेत.

तो म्हणाला नाही.

महिना संपायला तीन दिवस उरले आणि खण उरला एक. अगदी खालचा, कोपऱ्यातला. आणि नेमकी त्याच दिवशी टिटवीची सर्दी मला लागली. नाक गच्च चोंदलं. मी खणात वाकले, श्वास ओढला… काही नाही. नुसती धूळ.

"काय आहे?" त्यानं विचारलं.

सर्दी झालीय, बरी झाले की येते, असं सांगता आलं असतं. पण मग ते तीन दिवस घरी काढावे लागले असते.

"नक्की होत नाहीये," मी म्हटलं. "उद्या बघते."

अंदाजानं लिहिणं मला जमलं नसतं. कुणाच्या तरी टिटवीच्या पोटात जायचं होतं ते. दुसऱ्या दिवशीही "उद्या" म्हणाले. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या खणाशी उकिडवी बसले होते. टिटवी गल्ल्याशेजारी बसून वजनांशी बोलत होती. बाहेर सर येऊन गेली होती, पन्हळीतून पाणी टपकत होतं. संध्याकाळी सात वाजता दादाला फोन करायचा होता. इतक्यात तो एकदम ताठ झाला आणि भिंतीकडे तोंड करून ओरडला,

"मावशी! इस्त्री उचला, कापड जळतंय!"

पलीकडे खुर्ची सरकली. "अगं बाई!" मग हातात जळक्या बाहीचं पोलकं घेऊन मावशी दारात.

"तुला कसा आला रे वास?"

तो गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागला.

मावशी माझ्याकडे वळल्या. "आणि एवढा उग्र वास तुला कसा नाही आला गं?"

मी रुमाल नाकाला लावला.

मावशींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "छान," त्या म्हणाल्या. "एकाला येतो नि सांगत नाही, दुसरीला येत नाही नि सांगत नाही. चालू द्या." आणि जाता जाता टिटवीला उचलून घेऊन गेल्या. "चल गं, तुला बटणं देते मोजायला."

मी तो शेवटचा खण आत ढकलला.

"कधीपासून?" मी विचारलं. माझा आवाज नाकातून येत होता.

"तेरा दिवस."

"तेरा! आणि मी रोज वेड्यासारखी… दालचिनी अशी, अमकं तसं…"

"ते ऐकायचं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात?" तो मान खाली घालून म्हणाला. "पहिला वास कसला आला, माहितीये? तुम्ही टिटवीला गल्ल्यावर बसवलं होतं. ती वाकली आणि तिच्या केसांचा… वेखंडाचा. माझ्याच चुकीच्या पुडीचा. आठ महिन्यांनी पहिला वास आला, आणि मला वाटलं, आता या जाणार."

मला हसू आलं की रडू, ते सर्दीमुळं नीट कळलं नाही.

"दादा खोली रंगवतोय," मी म्हटलं. "पिवळी."

"अहो…" तो थांबला. त्यानं हातातला चमचा खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. "नका जाऊ."

दोनच शब्द होते. ते बोलायला त्याला चाळीस खण लागले.

तो उठला, कोपऱ्यातल्या त्या खणातून चिमूटभर पूड घेतली, आतल्या शेगडीवर गुळाच्या पाण्यात उकळली आणि पेला माझ्यापुढं धरला. वाफ माझ्या तोंडावर आली. वास नाहीच.

"काय आहे त्यात?"

"सुंठ. तुम्ही पहिल्या दिवशी मागितलेली," तो म्हणाला. "थांबा हवं तर. नाक मोकळं झालं की वास घेऊन बघा, मग प्या."

दादाला फोन करायला अजून दहा मिनिटं होती. मी पेला दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि पहिला घोट घेतला.