जाळीचे चार स्क्रू

सॉसेजचं मशीन निवडायला मला तीन रविवार लागले. स्वप्नाली म्हणते, मला बघायला आलात तेव्हासुद्धा तुम्ही एवढा वेळ घेतला नव्हता. बायको खोटं बोलत नाही. पण मी कुपवाडला, पत्रा कापायच्या प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं फोरमन आहे. वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

सॉसेज मी पहिल्यांदा खाल्लं ते गोव्याला, साडूकडं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. डुकराचं घरात येणार नाही, हे स्वप्नालीनं आधीच बजावलं, म्हणून बोकडाच्या मटणाचं करायचं ठरलं. प्लॅस्टिकचं मशीन दाब आला की वाकतं. विजेवरच्याकडं मी बघितलंच नाही. शेवटी सांगलीत, हॉटेलचं जुनं सामान विकणाऱ्या नानासोंच्या दुकानात बिडाचं, कलई केलेलं, हातानं फिरवायचं मशीन सापडलं. पुढं आतड्यात खिमा भरायची नळी होती. व्हर्निअर लावला, बरोबर वीस मिलिमीटर. वरच्या तोंडावर कुणीतरी स्टीलची जाळी बसवून घेतली होती, चार स्क्रूंनी आवळलेली. मटणाच्या पट्ट्या आत जातील, हात जाणार नाही.

"जाळीकडं काय बघत बसलाय एवढं?" नानासो म्हणाले. "नको आसंल तर काढून देतो."

"नको, नको. असू द्या," मी म्हणालो. चारही स्क्रू पुन्हा एकदा बोटानं चाचपले.

त्याचं कारण सांगायला हवं. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी मशिनं धुऊन पुसून पूजतात, त्या दिवशी ती चालवत नाहीत. झेंडूचा हार नीट बसावा म्हणून यंदा तीन नंबरच्या प्रेसची जाळी मी स्वतः काढून भिंतीला टेकवली. तिचे चार स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, त्यांच्या खाचा एका दिशेला केल्या आणि त्यांनाही हळदीकुंकू लावलं. दसरा झाला, शॉप उघडलं, माल तुंबलेला. प्रेस चालवणाऱ्या पोरानं, धुळानं, विचारलं, जाळी बसवू का? मी म्हणालो, "राहू दे जाळी, माल सुटू दे."

दहा मिनिटांत त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

बावीस वर्षांत माझ्या शॉपमध्ये एकही अपघात झाला नव्हता. मॅनेजरनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की जाळी धुळानंच काढली होती. आमचं बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलेलं नव्हतं. आता सोमवारी शेवटची चौकशी होती, आणि धुळाला कामावर परत घ्यायचं की नाही, ते माझ्या सांगण्यावर ठरणार होतं.

गुरुवारी मशीन ओट्याला आवळून बसवलं. शुक्रवारी सकाळी बघतो तर जाळी भिंतीला टेकवलेली. ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर चार स्क्रू, खाचा एका दिशेला. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट.

"नवी वस्तू म्हणून पूजा केलीस होय?" मी स्वप्नालीला विचारलं.

"मटणाच्या मशिनाची? काय तरीच तुमचं," ती म्हणाली.

मी स्क्रू पुसून पुन्हा आवळले. शनिवारी सकाळी तसंच. हळद अजून ओली होती. मी स्वतःला समजावलं की झोपेत आपणच उठत असू. मग रोज झोपताना दाराला आतून लावतो ती कडी तपासली. ती जागेवर होती, बाहेरून कुणी आलेलं नव्हतं.

त्याच दुपारी धुळा आला, भावाच्या गाडीवर मागं बसून, पार आटपाडीकडनं. उजवा हात रुमालात गुंडाळलेला. डाव्या हातात स्टीलचा डबा.

"आईनं आतडी दिल्यात," तो म्हणाला. "तुमी शॉपमधी सारखं म्हणायचा न्हवं, सॉसेज करायचं म्हनून. तिच्याच हातची हायत, लय सवच्छ. सात पान्यानं धुतल्यात तिनं."

मला डबा घेववेना. स्वप्नालीनं घेतला.

"सोमवारी काय त्ये खरं सांगा, सायेब," जाताना धुळा म्हणाला. "मला त्या दिवशीचं कायबी आठवत न्हाई. जाळी म्याच काढली आसंल."

मी मान हलवली. स्वतःच्या नजरेत एवढा हलका मी कधीच झालो नव्हतो. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभा राहिलो.

रविवारी दुपारी सॉसेज करायला घेतलं. जाळी मीच बसवली, स्क्रू हाताला कळ येईपर्यंत आवळले. स्वप्नाली लाकडी दांड्यानं मटण ढकलत होती, मी हँडल फिरवत होतो. नळीवरचं आतडं हळूहळू भरत होतं. लसूण, मिरची, व्हिनेगरचा वास सुटला होता. वीतभर झालं की मी दोऱ्यानं गाठ मारत होतो.

पाचवी गाठ मारून मी वर बघितलं.

जाळी नव्हती.

दांडा बाजूला पडला होता. स्वप्नालीची बोटं मशिनच्या तोंडात होती.

मी हँडल सोडलं. ते आणखी अर्धा फेरा फिरलं.

मी तिचा हात ओढून बाहेर काढला. मसाल्यानं माखलेली पाच बोटं. मी दोनदा मोजली.

"जाळी का काढलीस?"

"आवं, तुमीच म्हणालात की आत्ता," ती म्हणाली. "राहू दे जाळी, माल सुटू दे."

मी काहीच बोललो नव्हतो.

उरलेलं मटण फ्रिजमध्ये टाकलं. मशीन खोलून माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागं ढकललं. तिथंच उभं राहून मी ठरवलं की सकाळी खरं सांगायचं.

सकाळी लांब टेबल होतं. मॅनेजर माझ्या शेजारी, धुळा समोर. तो माझ्याकडं बघून ओळखीचं हसला.

"जाळी कुणी काढली होती?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं.

"धुळानं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, जणू त्याला आठवलं होतं.

गेटबाहेर येऊन मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर स्वप्नालीनं उचलला. मागं खट, खट, असा लोखंडाचा आवाज येत होता.

"काय करतीयस?"

"कोण बोलतंय?"

"मी. इंद्रजित."

ती हसली. "काय थट्टा लावलीय? हितं समोर उभं राहून मला कशाला फोन करताय? तुमीच काढलंत न्हवं मशीन माळ्यावरनं, आन् जाळीबी तुमीच सोडवलीत."

मी ओरडलो. तिला ऐकू गेलं नाही. तिनं फोन कुठंतरी ठेवला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला, आणि तो माझ्यासाठी नव्हता.

"थांबलात का? फिरवा की हँडल."

खट, खट, पुन्हा सुरू झालं.