पाहुण्याचा पेला

रविवारी उपासनेच्या आधी पेले भरायचं काम मोठ्याबाईंचं. त्यात त्या कुणालाही हात घालू देत नसत, सुनेलाही नाही. सून दवाखान्यात नर्स होती, दिवसाला पन्नास जणांना सुया टोचायची, पण तिच्या हाताला थरथर आहे असं मोठ्याबाईंचं ठाम मत होतं. पेले तरी केवढे, अंगठ्याएवढे काचेचे. प्रत्येकात काठाखाली नखभर जागा सोडून द्राक्षाचा रस ओतायचा, ट्रेच्या खाचांत बसवायचे आणि वर पांढरं फडकं घालायचं. एक थेंब बाहेर सांडलेला सहा वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती मिशनने त्यांच्या मुलाला पाळक म्हणून या परक्या गावी धाडलं. आपल्यामागे हा पोरगा उपाशी मरेल, अशी खात्री असल्यामुळे मोठ्याबाईही आल्या. गोदीजवळचं टायरचं जुनं गोदाम भाड्याने घेऊन त्यात बाकं मांडली होती. ऊन तापलं की अजून रबराचा वास यायचा. वर राहायच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्या मधल्या भिंतीत एक सरकत्या फळीची खिडकी होती. प्रभुभोजनाचा, म्हणजे रसाच्या पेल्यांचा ट्रे तिथून बाहेर जायचा आणि तिथूनच परत यायचा.

मंडळी म्हणावी तर मूठभर. पाव भाजणारी भट्टीवाली, एक टॅक्सीवाला, दोघी शिंपिणी, खोकणारा म्हातारा पोस्टमन आणि गोदीवरचे चौघे. मुलगा-सून धरून अकरा. मोठ्याबाईंना त्यांची भाषा येत नव्हती. सहा वर्षांत चार शब्द शिकल्या, त्यांतले दोन बाजारात भांडायचे.

मिशनच्या दोन जुन्या रीती होत्या. पहिली अशी की, जितकी माणसं त्याहून एक पेला जास्त भरायचा. उशिरा कुणी दार ढकलून आलं तर त्याला रिकाम्या ओठांनी परत जायला लागू नये. त्याला पाहुण्याचा पेला म्हणायचे. दुसरी रीत मोजणीची. बाकावरची डोकी मोजायची नाहीत, कारण सावलीलाही माणूस बसतो. रिकामे झालेले पेले मोजायचे. धुणारीने मोजायचं, आकडा वहीत मांडायचा आणि सही करायची. मोठ्याबाई चौथी शिकलेल्या. सही करताना त्यांची जीभ दातांत यायची, पण सही त्यांचीच असायची.

त्या स्वतः मात्र पेला घेत नसत. मनात कुणाविषयी अढी असेल तर ओठाला पेला लावू नये, आधी समेट करावा, असं वचन सांगतं. मोठ्याबाईंची अढी थोरल्या बहिणीशी होती. आई वारली तेव्हा त्या दोन दिवस उशिरा पोचल्या. शवपेटीवर माती पडत होती आणि आक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "आलीस? खिळे ठोकायला राहिले होते का कुठे?" त्या बोलण्याला आता नऊ वर्षं झाली होती. बोललं ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. तेव्हापासून मोठ्याबाईंनी उपासनेला बसणं सोडलं होतं; इथेही त्या वेळी स्वयंपाकघरात बसायच्या. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरायच्या आणि फळी बंद ठेवायच्या. "ढोंग मला जमत नाही," म्हणायच्या. यात त्यांना थोडा अभिमानही होता.

त्या वर्षी मिशनचं पत्र आलं. बारा माणसंसुद्धा नसतील तर केंद्र चालवण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी मुख्य पाळक स्वतः येऊन बघतील. बाराहून कमी पेले रिकामे झाले तर गोदाम सोडायचं.

मुलाने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून पवित्र शास्त्रात ठेवलं. त्या दिवशी तो जेवला नाही. सहा वर्षं त्याने या माणसांची आजारपणं काढली होती, मयती केल्या होत्या, टॅक्सीवाल्याची दारू सोडवली होती. मोठ्याबाईंनी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि न रागावता झाकून ठेवलं.

पुढच्याच रविवारी ट्रे परत आला. मोठ्याबाईंनी पेले मोजले आणि थबकल्या. पाहुण्याचा पेला दर आठवड्याला भरलेलाच परत यायचा, त्यातला रस त्या मागच्या पायरीवरच्या झाडाला घालायच्या. आज तो रिकामा होता.

"कोण आलं होतं गं नवीन?"

"कुणी नाही," सून म्हणाली. "नेहमीचेच."

मोठ्याबाईंचा संशय टॅक्सीवाल्यावर गेला. तो चहासुद्धा दोनदा प्यायचा. पण रीत ती रीत. त्यांनी वहीत बारा मांडले आणि सही केली.

दुसऱ्या रविवारीही बारा. तिसऱ्या रविवारी पेला धुण्याआधी त्यांनी नाकाशी नेला. द्राक्षाच्या वासाखाली लवंगेचा वास होता. म्हणजे मंडळीत आणखी कुणाची तरी दाढ दुखत होती. त्यांनी सुनेकडून चौकशी करवली. दाढ कुणाचीच दुखत नव्हती.

चौथ्या रविवारी मोठ्याबाईंनी फळी बोटभर सरकवली आणि डोळा लावला.

समोर सगळं दिसत होतं. मुलगा ट्रे घेऊन बाकाबाकाने येत होता. त्यांनी डोकी मोजली. मुलगा-सून धरून अकरा. टॅक्सीवाल्याने एकच पेला घेतला, हात जोडले, डोळे मिटले. बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला होता.

शेवटच्या बाकावर भट्टीवाली एकटीच होती. पण ती मधोमध बसलेली नव्हती. अंग चोरून भिंतीला टेकली होती, आणि गीतांचं पुस्तक तिने स्वतःसमोर न धरता डावीकडे, रिकाम्या जागेकडे झुकवून धरलं होतं. शेजारणीला वाचता यावं म्हणून धरतात तसं.

मुलगा त्या बाकाशी आला. मोठ्याबाईंना त्याची पाठ तेवढी दिसली. तो जरा वाकला. दोनदा वाकला.

ट्रे परत आला तो बारा रिकाम्या पेल्यांचा.

सगळे गेल्यावर मोठ्याबाई सभागृहात आल्या. शेवटच्या बाकावर तळहात ठेवला. भिंतीकडची बाजू कोमट होती. डावीकडची बाजूही कोमट होती. फळीच्या भेगेत काहीतरी काळं अडकलं होतं. त्यांनी नखाने काढलं. चावलेल्या लवंगेचं बोंड होतं.

जेवताना त्यांनी विषय काढला. "अरे बाबा, मी खोट्या आकड्यावर सही करणार नाही. रिकामे पेले बारा येतात, पण माणसं अकराच आहेत. मी मोजली आज."

मुलगा हसला. त्या पत्रानंतर पहिल्यांदाच हसला. "आई, तू स्वतःला मोजलंच नसशील. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं तुझं."

"मला कशाला मोजू?"

"तू आता आत येऊन बसतेस ना, शेवटच्या बाकावर. आम्ही दोघांनी ठरवलं होतं की याबद्दल तुला काही बोलायचं नाही. बोललं की तू बिथरतेस."

सुनेने मान खाली घातली. "भट्टीवाली तर म्हणते, तुमच्या सासूबाई गुणगुणतात फार गोड. शब्द कळत नाहीत, पण डोळ्यांत पाणी येतं. आई, मावशींना माफ केलंत ते बरं केलंत."

मोठ्याबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. "तू मला पेला दिलास?" त्यांनी मुलाला विचारलं.

"दर रविवारी. तुझ्या हातात."

"हात कसे होते?"

"कसे म्हणजे? ऊबदार. का गं?"

मोठ्याबाईंनी घास तोंडात घातला. एवढंच म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी पडलंय." आमटी त्यांनीच केली होती.

मग त्यांनी फळी पुन्हा कधी सरकवली नाही. आत गीत सुरू झालं की स्वयंपाकघराच्या स्टुलावर पाठ ताठ करून बसायच्या आणि अकरा आवाजांत बारावा शोधायच्या. एकदा सापडला. आईचं जुनं गीत होतं, आणि दुसऱ्या ओळीवर सूर किंचित चढला, जसा त्यांच्या आईचा चढायचा आणि आक्काचा. मोठ्याबाईंनी स्वतःच्या ओठांना बोटं लावून पाहिली. ओठ मिटलेले होते.

त्यांना भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. आयुष्यभर त्यांच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. चुलीपुढे नाही, पाटावर नाही, भांडणातही नाही. आणि आता आपला पेला दुसरीच कुणी प्यायची, आपल्या मुलाच्या हातून? माफ करायचं तर आपण करू. आपल्या वतीने कुणी परभारे करायचं नाही.

मुख्य पाळक येणार होते त्याच्या आधीच्या सोमवारी मोठ्याबाईंनी सुनेकडून कागद मागितला. चार ओळी लिहायला दुपार गेली.

"आक्का, मी उशिरा आले हे खरं. तू बोललीस तेही खरं. मला ते नऊ वर्षं पुरलं. आता माझ्या मनात काही नाही. तुझे गुडघे कसे आहेत."

पाकीट त्यांनी स्वतः जाऊन पेटीत टाकलं. टाकल्यावर पेटीच्या फटीत हात घालून ते खरंच आत गेलं ना, हे चाचपलं.

रविवारी मुख्य पाळक आले. लांब हाडांचा माणूस, चष्मा पुसायची सवय. ते पुढे खुर्चीवर बसले, पाहणी करणारा पेला घेत नाही असा नियम होता. मोठ्याबाईंनी तेरा पेले भरले. अकरा मंडळीचे, एक आपला, एक पाहुण्याचा. फडकं घातलं. अंगावरचं एप्रन काढून खिळ्याला अडकवलं. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि नऊ वर्षांनी उपासनेला आत आल्या.

शेवटच्या बाकावर भट्टीवाली भिंतीकडे सरकून बसली होती. तिने पुस्तक डावीकडे झुकवलं. नवल वाटल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

बाक गार होता. तेवढ्याने मोठ्याबाईंना सुटल्यासारखं झालं.

गीत झालं. वचन झालं. मुलगा ट्रे घेऊन आला. मोठ्याबाईंनी पेला घेतला आणि प्याल्या. रस गोड होता, शेवटी जरा तुरट. त्यांनी डोळे मिटले तेव्हा आक्काचे गुडघे आठवले आणि हसू आलं.

मुख्य पाळकांनी चष्मा पुसून रिकामे पेले मोजले. "बारा," ते म्हणाले. "आणि एक भरलेला, पाहुण्याचा. रीतीप्रमाणे." वहीत त्यांनी स्वतः लिहिलं की केंद्र पुढे चालू राहावं. टॅक्सीवाला लहान मुलासारखा रडला. मुलगा आईजवळ येऊन उभा राहिला. मोठ्याबाईंनी त्याची कॉलर सरळ केली.

सगळ्यांशी हात मिळवण्यात अर्धा तास गेला. मग त्या पेले धुवायला निघाल्या.

स्वयंपाकघराचं दार त्यांनी ओढलं होतं तसंच होतं.

आत फडक्यावर बारा पेले धुऊन पालथे घातलेले होते. चार-चारच्या तीन ओळी. काठाचा टवका उडालेला पेला उजवीकडे शेवटी. मोठ्याबाई घालत तसेच.

खिळ्याचं एप्रन पुढून ओलं होतं.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला. "पेले कुणी धुतले?"

सून दारात आली. "कुणी म्हणजे? मघाशी खिडकीतून ट्रे तुमच्याच हातात दिला ना मी." तिने सासूचे हात हातात घेतले, चोळून बघितले. "आता ऊब आली. तेव्हा किती गार होते."



ओट्याच्या कडेला, स्टुलासमोर, पाहुण्याचा पेला ठेवलेला होता. काठाला ओठ टेकल्याची ओली खूण होती. रस मात्र थेंबभरही कमी झाला नव्हता, जणू मनातली अढी आठवून कुणी तो ओठांवरून परत ठेवला होता.